ओळ पुरी झाल्यावर

बहात्तर साली ह्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. यंत्राला प्रोग्रॅम कळतो. पण माणसाला तो कळायला किती जड जातो, हे ह्यांना मोजायचं होतं. भिंगारच्या आमच्या क्वार्टरमध्ये लेक अंबू दुपारी निजली की ह्यांचे छापील कागद मी वाचून द्यायचे.

रीत ह्यांचीच. बोट शिक्क्याच्या शाईत बुडवायचं, एकेका ओळीवर टेकवत वाचायचं. कळलं नाही की बोट मागं येतंच. जितके ठसे जास्त, तितकी ओळ अवघड. कुणी हाक मारली, तरी ओळ पुरी होईपर्यंत बोट उचलायचं नाही.

माझे ठसे कमी पडत. "तुला कळलं म्हणजे सोपं, असं नाही हं, दमू," हे म्हणायचे.

माझं अर्धं लक्ष पाळण्याकडे असायचं. अंबू अकरा महिन्यांची झाली, तरी हाकेला वळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. भांडी घासताना गोजरबाई मुद्दाम तिच्यामागं ताट आपटायची.

"न्हाई वळत, बाई. पर माझी नातबी अशीच हुती. आता गप बस म्हनलं तरी बसत न्हाई."

मी हसायचे. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन यायचे.

एके दिवशी ह्यांनी एक जुना कागद आणला. लिहिणारा कोण, कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बाराव्या ओळीवर ठशांचा निळा डाग साचला होता. त्याखालच्या ओळींवर एकही ठसा नव्हता. सगळे तिथंच अडकले होते.

ओळ तर साधी: एक मिळवा, पुढे जा.

मी बोट टेकवलं. अर्थ कळत होता, तरी बोट पुढे सरकेना. ओळीमागं खूप खोल काहीतरी उघडं असावं, तसा थंडावा बोटाला लागला. देवळात गेल्यासारखा मी डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतला.

वर पाहिलं. अंबू पाळण्यात उठून बसली होती. माझ्याकडे नाही, माझ्या बोटाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद आणि शाई, दोन्ही घेऊन हे कचेरीत गेले.

संध्याकाळी मऊभात भरवून मी अंबूचे हात धुवायला घेतले, तेवढ्यात हे आले. सायकल भिंतीला टेकवायचंही विसरले.

"तो कागद कुणीतरी पुढं वाचलाय. शेवटपर्यंत. प्रत्येक ओळीवर एकच ठसा."

"कुणी?"

"कचेरीतल्या कपाटाला दिवसभर कुलूप होतं." ह्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "ठसा हरभऱ्याएवढा आहे, दमू."

तांब्यातलं पाणी निळसर झालं होतं.

मी हळूच हाक मारली. "अंबू."

ती वळली नाही. तिचं इवलंसं बोट माझ्या तळहातावर टेकलेलं होतं, ते रेषेवरून सावकाश पुढं सरकलं. रेषेच्या टोकाला थांबलं.

मग तिनं बोट उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हं."