नदीपलीकडे गेलेली नारोक

नारोकला परत आणायचं, एवढ्यासाठीच तिघं निघाली होती. दुष्काळानं रेसिआतोच्या घरचं सगळं खिल्लार गिळलं होतं. उरली होती ही एकच काळी गाय, आणि तीही गाभण. पहाटे सिंहांनी कुंपणावर झडप घातली तशी ती बुजून उधळली आणि उत्तरेकडे निघालेल्या विल्डबीस्ट या काळ्या रानजनावरांच्या लोंढ्यात शिरली.

"एवढ्या काळ्या जनावरांत आपली काळी बरोबर हेरतो बघ," कोइकाईमामा म्हणाला.

"मामा, तुम्हाला लांबून मामी ओळखू येत नाही!" सिरोंका हसला. थोरल्या बहिणीनं, रेसिआतोनं, त्याच्यावर डोळे वटारले.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा मारा नदी दिसली. उंच दरडीवर जनावरांची नुसती खेचाखेच चालली होती. धुळीनं आभाळ तांबूस झालं होतं. मागची पुढच्यांना रेटत होती, पण पाण्यात उतरायला एकही धजत नव्हतं. खाली मगरी निवांत तरंगत होत्या.

"ती बघ!" मामा ओरडला.

रेसिआतोनं चामडी दोराचा फास फेकला. बसला शिंगांत! सिरोंका सोटा घेऊन मागून गाईला रेटू लागला. नारोक दोन पावलं बाहेर आली...

आणि पहिल्या विल्डबीस्टनं उडी टाकली!

सगळा कळप फुटला. शिंगं, खुरं, हंबरडे! वासरं पायांखाली चिरडली. हाडं काडकाड मोडली. त्या रेट्यानं सिरोंकाला उचललं आणि दरडीवरून खाली भिरकावलं. त्याच्या अंगावर एक धूड कोसळलं. पाणी लाल झालं. मगरीनं एका विल्डबीस्टचं नरडं धरून गरकन गिरकी घेतली.

"ताई!" तो खडकाला एका हातानं लटकला होता. दुसरा हात लुळा पडला होता.

"दोर टाक, पोरी!" मामा ओरडला.

दोर एकच होता. त्याच्या टोकाला नारोक धडपडत होती. रेसिआतोनं तिच्या डोळ्यांत पाहिलंच नाही. सुरा काढला, शिंगांजवळ दोर कापला आणि खाली फेकला.

सिरोंकानं तो काखेखाली गुंडाळला. तेवढ्यात मगर वळली. मामानं भाला फेकला. तो जबड्यात रुतला! मगर तडफडत बुडाली. दोघांनी दात-ओठ खाऊन दोर ओढला. तळहातांची सालं निघाली, पण सिरोंका वर आला.

मामानं दरडीवर पडलेल्या सोट्याचे दोन तुकडे करून मोडका हात बांधला.

"गाय?" सिरोंकानं विचारलं.

पलीकडच्या काठावर नारोक चिखलातून वर चढत होती. एकदा थबकली, अंग झटकलं आणि गर्दीत मिसळली.

"अजून गाठता येईल," तो कण्हत उठू लागला. "ताई, दुसरं काय आहे गं आपल्याकडे?"

रेसिआतोनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू आहेस ना, गाढवा," ती म्हणाली. "बस गुपचूप!"