चारही रॅम राहू द्या

टुक... इतकाच आवाज. दुपारची निजानीज झालेली, आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरनं तेवढी शांतता मोडली. स्क्रीन मात्र काळीच.

"पूर्ण स्पीड घेतच नाही," गोकुळ फरशीवर बसूनच म्हणाला.

ही त्याची तिसरी खेप. शेंद्र्याच्या एका कंपनीची ड्रॉइंग मी पुंडलिकनगरातल्या आमच्या घरून करते. काम भरभर व्हावं म्हणून नवा प्रोसेसर बसवला, तर रॅमच आधीपेक्षा हळू चालायला लागली; स्पीड वाढवला की स्क्रीन काळी. दुकानातला नेहमीचा माणूस रजेवर, म्हणून खुलताबादचा हा गोकुळ आला. दुसऱ्या खेपेला तर शेतातले पेरू घेऊन. "तुमच्या छोट्या श्रेयासाठी," म्हणाला... आणि पाहिलं माझ्याकडं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय रे बाबा, नीट करायला येतो का बिघडवायला?"

"बिघाड लई लाजरा आहे, मावशी. मी आलो की लपतो."

त्या हसल्या नाहीत. पण चहा टाकायला वळल्या.

गोकुळनं कॉम्प्युटर बंद करून चारपैकी दोन रॅम काढल्या, पुन्हा चालू केला. स्क्रीन लगेच उजळली. पूर्ण स्पीड.

"हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मॅडम. या स्पीडला चार रॅम नव्या प्रोसेसरला झेपत नाहीत. या दोन जुन्या काढल्या की झालं."

"मग तीन-तीन खेपा कशाला?"

त्यानं तळहात पुढं केला. दोन्ही रॅमच्या स्टिकरवर मार्करनं लिहिलेलं – करुणासाठी. माझ्या नवऱ्याचं, आकाशचं अक्षर. श्रेया पोटात होती तेव्हा त्यानंच बसवल्या होत्या. त्याला जाऊन तीन वर्षं झाली... आणि असं काही लिहून ठेवलंय, हे मला आज कळत होतं.

"हे मला काढवेना," गोकुळ हळू म्हणाला. "काढू का, हेही विचारवेना. आणि... परत यायला कारणही पाहिजे होतं."

माझे डोळे भरले. ते त्यानं पाहिलं आणि नजर वळवली. जाग्या झालेल्या श्रेयाकडून खोडरबर मागून घेतला, अक्षरांना धक्का न लावता रॅमच्या सोनेरी कडा साफ केल्या, दोन्ही परत जागच्या जागी बसवल्या. मग स्पीडचा आकडा दोन पायऱ्या खाली आणला.

"आता पूर्ण पळणार नाही. पण बंदही पडणार नाही. चारही राहू द्या... करुणा."

पहिल्यांदाच नावानं.

चहा संपला तरी त्याची बॅग भरून होईना.

"पुढच्या वेळी पेरू आणू नका," मी म्हणाले.

"मग काय आणू?"

"रिकाम्या हातानं आलात... तरी चालेल."

त्याची गाडी वळणाआड गेली तरी मी दारातच उभी. आत सासूबाई कप विसळायच्या थांबल्या होत्या. श्रेयानं माझा हात ओढला, मुठीत खोडरबर.

"आई, कॉम्प्युटर तर नीट झाला. मग आता काका कशासाठी येणार?"