भोपळ्याच्या पिंजऱ्यावरची पाटी

"शेपूट, शिंकलास तर याद राख!" भिंगरीने दम भरला.

"पण या घोंगडीला मांजराचा वास येतोय!"

"येणारच. कालपर्यंत मांजरच होतं इथे," चष्मा म्हणाला.

सकाळचे सहा वाजले होते आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या सगळ्यात मोठ्या रिकाम्या पिंजऱ्यात तिघं दाटीवाटीने बसली होती. भिंगरी बारा वर्षांची, एका जागी पाय न ठरणारी. शेपूट हा तिचा धाकटा भाऊ, सदा मागे मागे येणारा. आणि चष्मा मावशीचा मुलगा. मावशी इथे नर्स होती, राहायला मागच्याच दोन खोल्यांत. काय सुट्ट्या होत्या त्या! अजूनही औषधी साबणाचा वास आला की भिंगरीला ते दिवस आठवतात.

समोरच्या पिंजऱ्यात भोपळ्या होता, नावासारखाच गोल असा म्हातारा कुत्रा. त्याच्या मूत्राशयात खडा झाला होता. लघवी करताना बिचारा असा कळवळायचा की शेपूट कान झाकून घ्यायचा. ऑपरेशन तर दोनदा पुढे ढकललं गेलं होतं! भूल द्यायच्या आधी मावशी हिरड्यांचा रंग बघायला त्याचं तोंड उघडायची, आणि दोन्ही वेळा दातांत बिस्किटाचा चुरा निघाला. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनळीत जायची भीती.

"मी रात्रीच खाणं काढून घेतलं होतं, डॉक्टर," मावशी म्हणाली होती.

"मग बिस्किटं काय आभाळातून पडली? पुन्हा असं झालं तर मला दुसरी नर्स बघावी लागेल!"

त्या दिवशी मावशी जेवली नाही. चष्म्याने चष्मा पुसायचं निमित्त करून डोळे पुसले, आणि भिंगरीने तिथेच ठरवलं, बिस्किटं चारणारा चोर पकडायचाच!

"श्श! कोणीतरी येतंय!"

डॉक्टरांच्या वरच्या घरातून उतरणाऱ्या जिन्यावर चपला वाजल्या. हातात झारी घेऊन आले ते चक्क डॉक्टरांचे वडील, मास्तरआजोबा! सगळा जन्म शाळेत भाषा शिकवण्यात गेलेला. रोज ते दवाखान्यातल्या कुंड्यांना पाणी घालत. भोपळ्यापाशी ते थांबले. पिंजऱ्यावरची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली.

"उपाशी! अरेरे, आजही उपाशी? काय माणसं आहेत ही! पाटी लावतात, पण घासभर देत नाहीत!" आणि त्यांनी खिशातून बिस्किट काढलं. भोपळ्याने जीभ बाहेर काढली.

"आँऽऽक्छी!" शेपूट शिंकला.

आजोबांच्या हातातली झारी धाडकन पडली. भिंगरीने बाहेर उडी मारून बिस्किट हिसकावलं. "देऊ नका, आजोबा! त्याचं आज ऑपरेशन आहे!"

आवाजाने मावशी धावत आली, मागोमाग डॉक्टरही.

मावशीला लिहायचा भारी कंटाळा. तिच्या पाट्या एका शब्दाच्या. 'चावतो.' 'मलम.' 'उपाशी.' तिच्या मनात होतं, उपाशी ठेवा. आजोबांनी वाचलं, बिचारा उपाशी आहे!

"अगं, उपाशी हे विशेषण झालं! वाक्याला क्रियापद नको?" आजोबा आधी तावातावाने बोलले आणि मग मटकन बाकावर बसले. "माझ्या हातून केवढं पाप होत होतं, पोरांनो."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "चोर माझ्याच घरात, आणि मी तुम्हाला बोललो. माफ करा, बाई," ते मावशीला म्हणाले. मग पोरांकडे वळले. "शाबास रे! तुमच्यामुळे भोपळ्या वाचला. आणि माझी नर्सही!"

"शिंकलो मी होतो!" शेपटाने जाहीर केलं.

भोपळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. संध्याकाळी तो नीट शुद्धीवर आला तेव्हा मावशीने पहिल्या घासाची वाटी आजोबांच्या हातात दिली. "हं, आता भरवा." आजोबांनी वाटी भोपळ्याच्या तोंडाशी धरली.

आज भिंगरी स्वतः नर्स आहे. ऑपरेशनच्या दिवशी ती पिंजऱ्यावर एक जुनी पाटी लावते. आजोबांच्या वळणदार अक्षरांतली: 'याला काहीही खायला देऊ नका, कितीही माया आली तरी!'

"ताई, एवढं लांबलचक कशाला? 'उपाशी' म्हटलं की पुरे!" परवा नव्या नर्सने विचारलं.

"नको गं बाई!" भिंगरी खळखळून हसली. मग तिने पाटीवरची धूळ पदराने पुसली आणि ती पिंजऱ्यावर टांगली.