अर्थिंगला पाणी

ही माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू, पण थट्टा करू नका. निदान ऋतुराजच्या समोर तरी नको. तो अजून घरातसुद्धा पायातल्या चपला काढत नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. कोल्हापूर, मंगळवार पेठ. रात्र नव्हती की अमावस्या नव्हती. सोमवारची भर दुपार होती आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

ऋतुराज फौंड्रीत नोकरीला. पण जीव सगळा गिटारमध्ये. गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारी एक पेटी असते, पायाने दाबायची. पेडल म्हणतात तिला. हा पठ्ठ्या ती घरीच बनवायचा, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात! त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुण्याच्या एका वाद्यांच्या दुकानाला त्याला पेडलचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. त्यांना पसंत पडलं की नोकरीला रामराम, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

अडचण एकच.

घरघर.

गिटारला हात लावला नाही तरी अँप्लिफायर घरघरत राहायचा. त्याने पेडलचा अडॅप्टर काढून बॅटरी लावली. वायरी बदलल्या. सोल्डरिंगचे सगळे डाग उखडून पुन्हा मारले. घरघर काही जाईना. वैतागून गेला होता बिचारा.

थांबायची ती फक्त सकाळी.

कामावर जायच्या आधी तो वाजवायला बसला, की मध्येच घरघर बंद. आपोआप. आणि बंद होण्याआधी स्पीकरमधून बारीक आवाज यायचा...

बांगड्यांचा.

मग तांब्या फरशीवर घासल्याचा. मग पाणी ओतल्याचा.

पहिल्यांदा त्याला वाटलं, शेजारचा आवाज असेल. तो मागच्या मोरीकडे गेला. तिथं कोणीच नव्हतं. पण मोरीलगतचा अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा घालून वायर पुरलेला, तो मात्र...

ओला होता.

घरमालक आकारामकाका पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसलेले. ऋतुराजने विचारलं, "काका, अर्थिंगला पाणी तुम्ही घालता?"

"मी? मला वाकाय येतंय व्हय?" काका हसले. "आमची मंडळी, बनाबाई, घालायची. वायरमन म्हणला हुता, उन्हाळ्यात तांब्याभर वतत जावा, न्हायतर करंट जमिनीत जायाचा न्हाय. ही बया बारा महिने वतायची. पावसात बी! तुळशीला चुकंल, अर्थिंगला न्हाय."

"आणि आता?"

काकांचं हसू मावळलं. "आता कोण घालतंय? जाऊन वरीस झालं की तिला."

त्या दिवसापासून ऋतुराजने सकाळचं वाजवणं बंद केलं.

आणि आता हा सोमवार उजाडला होता. फौंड्रीला सुट्टी. भर दुपार झाली होती, रेकॉर्डिंग व्हायचं होतं आणि घरघर जोरात. खड्डा वाळलेला असणार, हे त्याला कळत होतं. तांब्याभर पाणी ओतायचं, संपलं. एवढं सोपं होतं.

पण त्या खड्ड्याकडे जायची त्याची छाती होईना.

मग त्याने गिटारवाले करतात तो गाढवपणा केला. अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची जाडी पिन कापून टाकली. असं केलं की कधी कधी घरघर जाते. वीज अंगावर येऊ शकते ती वेगळीच.

प्लग लावला. बटण दाबलं.

घरघर गेली. साफ गेली!

ऋतुराज आनंदाने हसला. अँप्लिफायरला जोडलेली गिटार खुर्चीला टेकवून ठेवली होती. तो अनवाणीच तिच्याकडे निघाला. आणि त्या शांततेत...

बांगड्या वाजल्या.

या वेळी आवाज स्पीकरमधून नव्हता. खोलीत होता.

तांब्या फरशीवर घासला...

त्याचा हात तारांपासून वीतभर लांब होता. तेवढ्यात पायांना गार लागलं. त्याने खाली बघितलं. पाणी. फक्त त्याच्या पायांभोवती. दारापासून इथपर्यंतची फरशी कोरडी ठक्क.

तो ओरडला आणि उडी मारून कॉटवर चढला. कॉटवरच टेस्टर पडला होता. का कोण जाणे, त्याने लांबूनच तो गिटारच्या तारेला लावला.

टेस्टर लख्ख पेटला.

अँप्लिफायरमध्ये वीज उतरत होती. कधीपासून, देव जाणे. त्या ओल्या पायांनी तारेला बोट लागलं असतं, तर मी ही गोष्ट तुम्हाला वेगळी सांगितली असती.

ओरडणं ऐकून काका भिंत धरत आले. त्यांनी आधी मेन स्विच पाडला. मग फरशीवरचं पाणी बघितलं आणि कापलेला प्लग हातात घेतला.

"पिन तोडलीस व्हय रं?"

"हो."

काकांचे डोळे भरून आले होते.

"तिला काय म्हणू नगंस, लेका. ती आपली रोजच्यागत अर्थिंगला पाणी घालाय आली. पिन तोडलीस. आता अर्थिंग तूच झालास की."

ऋतुराजने त्याच आठवड्यात खोली सोडली. रेकॉर्डिंग गेलं नाही. फौंड्रीची नोकरी चालू आहे. घरातले म्हणतात, बनाबाईनं पोरगं वाचवलं, गार पाणी लागलं म्हणून हात मागे आला. मीही त्याला तेच सांगतो. तो मान हलवतो.

पण परवा त्याने मला एक सांगितलं, आणि आईला कळू देऊ नकोस म्हणाला.

तो कॉटवर चढला होता ना...

तेव्हा ते पाणी फरशीवरून कॉटच्या पायापर्यंत आलं. आणि मग लाकडावरून वर चढायला लागलं. काकांनी मेन स्विच पाडला, तेव्हा कुठं थांबलं.