तिसऱ्या पेल्यातलं दूध

संस्कृतीने दारातूनच त्याला पाहिलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. तोच! तोच निळा शर्ट, तीच फाईल, तोच शिष्ट चेहरा. चार महिन्यांत तिसऱ्यांदा हा मुलाखतीच्या सोफ्यावर तिच्याआधी येऊन बसला होता.

"या," तो जरा सरकत म्हणाला. "आपलीच जागा आहे."

"तुमचंही अजून कुठे जमलं नाही वाटतं?"

"जमलं असतं तर इथे हवा खायला आलो असतो का?"

आता यात योगायोग फारसा नव्हता. पुण्याच्या आसपास दूध-दही-आइस्क्रीमचे कारखाने ते किती, आणि फूड टेक्नॉलॉजी शिकून बसलेली मुलं किती! जागा निघाली की तीच पाच-सात तोंडं पुन्हा एकमेकांसमोर. त्यातलं हे एक. नाव आमोद, घर नारायण पेठेत. बोलणं असं, की आपला सत्कार झाला की अपमान, हे समोरच्याला घरी गेल्यावर कळावं. डोळे मात्र... डोळे तसे नव्हते. तो हळूच तिच्याकडे बघायचा, आणि तिने बघितलं की भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचायला लागायचा.

"आज तरी ते वाक्य म्हणू नका," तो म्हणाला.

"कोणतं?"

"'माझा दोष म्हणजे मला प्रत्येक गोष्ट परफेक्ट लागते.' गेल्या वेळी दारातून ऐकू येत होतं. आत गेलेल्या चौघांनीही तेच सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"पाचवा मी."

ती इतकी मोठ्याने हसली, की रिसेप्शनवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

ती नोकरी आमोदला मिळाली. फोनवर संस्कृतीने अभिनंदन केलं, अगदी मनापासून केलं, आणि फोन ठेवून वाघोलीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. दोन्ही खरं होतं. वर्षभरातला तिचा हा बारावा नकार. घरी आप्पासाहेबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, शांतपणे सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापत्तुर बघ, पोरी. न्हाईतर साईनाथच्या हापिसात बस. आपलंच हाय की." साईनाथ म्हणजे तिचा भाऊ, प्लॉट विकायचा. त्याच्या ऑफिसात बसून गिऱ्हाइकांना नकाशे दाखवायचे, या विचारानेच तिचा जीव कासावीस व्हायचा. शिकले ते कशासाठी? याचं उत्तर शोधायला तिच्याकडे आता दीड महिना उरला होता.

दुसऱ्या शनिवारी आमोदचा मेसेज आला. "सारसबाग, पाच वाजता. तुमची तयारी करून घेतो. फी एक भेळ."

"नोकरी लागल्यावर लगेच मास्तर झालात?" बागेत भेळ हातात आल्यावर तिने विचारलं.

"नाही. सोफ्यावर शेजारी कोणी नसलं की करमत नाही, म्हणून." एवढं बोलून तो घाईघाईने भेळेतले दाणे वेचायला लागला. यापुढे मात्र गडी ताकास तूर लागू देईना.

चार शनिवार गेले. मध्ये तेरावा नकार आला. त्या शनिवारी ती येणारच नव्हती. मग आली, तीही फुरंगटूनच.

"दुधात दोष आहे, हे कसं ओळखाल?" आमोदने नेहमीप्रमाणे विचारलं.

तिने क्लासमध्ये पाठ केलेलं इंग्रजी उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं.

"छान. हे पुस्तक मीही वाचलंय."

झालं! तिचा बांधच फुटला. "मग आमच्याकडचं ऐका! गोठ्यात बारा म्हशी हायत आमच्या. म्हशीनं कांद्याची पात खाल्ली असली, तर धार काढतानाच मला वासावर कळतंय. किटली उन्हात राहिली, तर दुधाला पुठ्ठ्यासारखा वास मारतो. पाचवीत असल्यापासून कळतंय मला. त्याला लॅब लागत न्हाई!"

आणि तिने जीभ चावली. कॉलेजात एकदा असंच बोलली होती, तर वर्ग हसला होता. तेव्हापासून गोठा आणि 'हाय' दोन्ही तिने घरीच ठेवलं होतं. त्या बारा म्हशींबद्दल तेरा मुलाखतींत एक शब्द निघाला नव्हता.

आमोद म्हणाला, "हे तू आत का बोलत नाहीस?"

तू... तिच्या कानांपर्यंत ऊन चढलं. "हसतात," ती पुटपुटली.

"मी हसलो?"

तो हसला नव्हता. तो तिच्याकडेच बघत होता, आणि या खेपेला त्याने नजर काढून घेतली नाही.

दसऱ्याला सहा दिवस उरले असताना कात्रजच्या पलीकडे एका आइस्क्रीमच्या कारखान्यात चौदावी मुलाखत झाली. दुधाने तोंड पोळलेली संस्कृती ताकही फुंकून पीत होती. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख विजयमाला मॅडमनी बोलणं बाजूलाच ठेवलं आणि तिच्यासमोर दुधाचे पाच पेले मांडले. "यात काय बिघडलंय, सांगा. घाई नाही."

पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं. तिने ते गिळलं. एकेक पेला नाकाशी धरला, घोट घेतला, तोंडात घोळवला.

"तिसरा," ती म्हणाली. "जनावरानं कांद्याची पात खाल्लीय. आणि पाचवं दूध उन्हात राहिलंय. बाकी तीन चांगली हायत." मग श्वास घेऊन सांगून टाकलं, "मॅडम, आमच्या घरी गोठा आहे. हे मी तिथे शिकले. कॉलेजात त्याची कारणं कळली."

मॅडमनी हातातला कागद उलटा ठेवला. "सकाळपासून नऊजण झाले. पाचवा तिघांनी ओळखला. तिसरा कोणीच नाही." त्या हसल्या, पण ते हसू कॉलेजातल्या हसण्यासारखं नव्हतं. "वर्षभर कुठे होतात तुम्ही?"

"पाठांतर करत होते, मॅडम."

नेमणुकीचं पत्र हातात घेऊनच ती बाहेर पडली. परतीचा पाऊस कोसळत होता. बसमध्ये ती उभीच राहिली, बसवेचना! जिंकले, मी जिंकले, तेही माझ्या गोठ्यासकट, माझ्या बोलीसकट!

स्वारगेटला आमोद उभा होता. अर्धी रजा टाकून आलेला, हातात छत्री असून खांद्यापर्यंत भिजलेला. तिचा चेहरा पाहून त्याने हात पुढे केला. पत्र घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "म्हणजे... आता शनिवारची काही गरज नाही तुला."

"नाही," ती म्हणाली.

तो पत्राची घडी घालत राहिला. सरळ घडी काही जमेना. नारायण पेठेचं सगळं शहाणपण कुठे गेलं होतं, कोण जाणे.

संस्कृतीने पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पत्राच्या जागी स्वतःचा हात ठेवला.

"सोमवारी दसऱ्याला आमच्याकडं या. आप्पांना फोन केलाय, दोन गोष्टी सांगायच्या हायत म्हणून. एक नोकरीची. ती मी सांगणार."

"आणि... दुसरी?"

"दुसरी तू सांगायची," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत पाठ कर."