विहिरीकाठची ओळ

"भाकरी एका फडक्यात बांधू का दोन फडक्यांत, बाई?"

सत्यवतीनं चुलीपुढे बसलेल्या शकुनला विचारलं. आज अमरावतीच्या जिल्हा कोर्टात तारीख होती. दावा शकुननं लावलेला होता आणि तो तिच्या पाठच्या भावावर, म्हणजे सत्यवतीच्या नवऱ्यावर, गोवर्धनवर होता. दोघांना एकाच मोटरीनं मोर्शीहून निघायचं होतं, कारण सकाळी दुसरी मोटर नव्हती.

"एकातच बांध," शकुन म्हणाली. "भांडण कोर्टात हाय, भाकरीत नाही."

"मले त काई समजतच नाही, बाप्पा. एका झाडाखाली जेवता, अन् मंग आत जाऊन एकमेकायच्या इरोधात उभे राह्यता. लोकं हासतात."

"दोन झाडाखाली जेवलो तरी हासतीन."

ओसरीवर फेटा बांधत असलेल्या गोवर्धननं हे सगळं ऐकलं आणि तो भिंतीकडे बघत फेट्याचे पीळ घालत राहिला. बाबा गेल्यापासून तो असाच झाला होता. घरातलं लागेल तेवढं बोलायचं, आणि बहिणीशी बोलायचं ते भिंतीकडे बघून.

शकुन लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन बार्शीटाकळीहून माहेरी आली, तेव्हा तिचे वडील भगवंतराव यांनी लावलेली संत्र्याची बाग नुकती बहाराला आली होती. त्यातली विहिरीकाठची एक ओळ त्यांनी तिला दिली. दिली म्हणजे कशी, तर जशी त्या बागाईत मुलखात देत आले होते तशी. संत्र्याला बहार धरायचा तर आधी महिना-दीड महिना पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, आणि ताण सोडताना पहिलं पाणी मालकानं आपल्या हातानं द्यायचं असा रिवाज होता. त्या वर्षी भगवंतरावांनी ओळीच्या तोंडाशी फावडं शकुनच्या हाती दिलं आणि स्वतः मागे सरले. त्यानंतर दर वर्षी त्या ओळीचं पहिलं पाणी तिनंच दिलं. कागद कोणी केला नाही. लेकीला दिलेल्या झाडांचा कागद करायचा म्हणजे पाठच्या भावाची नियत आधीच खोटी धरायची... कुठला बाप ते करील?

श्रावणात भगवंतराव गेले. दिवाळीनंतर गोवर्धननं सगळ्या बागेचा बहार एका व्यापाऱ्याला ठोक विकून टाकला आणि त्यात विहिरीची ओळही घातली. शकुननं विचारलं तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "बाबानं ओळ देल्ली असं मले ठाऊक नाही."

तिला झाडं गेल्याचं दुःख झालं नाही असं नाही. पण त्या एका वाक्यानं तिच्या आत जे मोडलं ते झाडांहून मोठं होतं. बाबा गेले ते गेलेच, आणि आता त्यांचं बोलणंही कधी झालंच नव्हतं असं ठरत होतं! ती रडली नाही. सासरहून आली तेव्हाही ती रडली नव्हती. घरात तिच्याबद्दल, ही दगडाची आहे, असं कौतुकानं म्हणत.

कोर्टाचा रस्ता तिला शेजारच्या मळ्यातल्या हमिदानं दाखवला. त्या दिवसांत अमरावतीच्या जिल्हा जज्जांच्या निकालांची चर्चा बाजारात, नदीवर, सगळीकडे होती. ते आधी अकोल्याला होते. तिथं पातूरकडच्या एका वादात त्यांनी पाण्याच्या पाळ्या सावकाराच्या बाजूनं न लावता जुन्या वहिवाटीनं लावून दिल्या होत्या. अमरावतीला आल्यावर दिरांनी घराबाहेर काढलेल्या एका बाईला त्यांनी तिची राहती खोली आणि चूल परत मिळवून दिली. आणि पाठोपाठ हमिदाचा निकाल लागला. तिच्या बापानं चार लोकांत तोंडानं बक्षीस दिलेली पेरूची बाग जज्जांनी तिच्याकडे कायम केली.

"जज्जसाहेबानं मले एकच इचारलं, शकुनबाई," हमिदा सांगत होती, "कब्जा कोनाचा? मी म्हतलं, माहा. कागद हाय का? मी म्हतलं, नाही साहेब, जबान हाय. खतम. तुयंबी त तसंच हाय ना वं?"

"तसंच हाय."

तसंच होतं. दोन्ही बाप दोन शेतांमधल्या एकाच धुऱ्यावर बसून विडी ओढलेले, दोघांनी लेकींना एकाच रीतीनं झाडं दिलेली. मग निकाल वेगळा कसा लागेल? शकुनला, हमिदाला, साऱ्या गावालाच असं वाटलं, आणि तिथंच सगळे चुकले. दावा दाखल झाल्यावर चंद्रभान वकिलांनी तिला ते समजावून सांगितलं होतं. मुसलमानांच्या कायद्यात तोंडी बक्षीस ताब्यासकट दिलं की पुरं होतं. हिंदूंना मात्र रजिस्टर केलेला कागद लागतो, आणि बापामागं लेकीला वाटा देणारा कायदा तेव्हा अजून आला नव्हता. एकच वाट उरली होती. बापानं ओळ देऊन टाकली आणि तेव्हापासून बारा वर्षांहून जास्त काळ ती मालक म्हणूनच तिथं वावरली, एवढं सिद्ध झालं तर कागदावाचून अडणार नव्हतं. तिनं दर वर्षी पाणी दिलेलं गावानं पाहिलं होतं, पण ते घरची लेक म्हणूनही असू शकतं; बापानं ओळ देताना पाहिलेलं माणूस कोण? त्या वेळी मोट हाकणारे नत्थुजी वारले होते. उरला होता एकटा गोवर्धन.

"त्याला शपथेवर विचारतो," वकील म्हणाले होते. "तो खरं बोलला तर आपण जिंकलो."

कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली दोघांनी भाकरी खाल्ली. गोवर्धननं चटणी तिच्याकडे सरकवली. पुकारा झाला तसे दोघं हात धुऊन आत गेले.

गोवर्धन पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली. त्याच्या वकिलानं जपून दोन-तीनच प्रश्न विचारले. बागेचा सात-बारा कोणाच्या नावे होता, आता कोणाच्या नावे आहे. ओळीबद्दल एक शब्द नाही. मग चंद्रभान वकील उठले, आणि शकुननं भावाकडे बघितलं.

त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला होता. बोटांची पेरं पांढरी झाली होती. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना तो पायरी अशीच धरून ठेवायचा, आणि ती खाली पाण्यात उभी राहून म्हणायची, सोड, मी हाय ना... तो आता 'हो' म्हणाला तर ओळ दिल्याचं ठाऊक नाही असा सही करून कोर्टात दिलेला त्याचा लेखी जबाब खोटा ठरेल, भर कोर्टात, मोर्शीच्या पाच-पन्नास माणसांसमोर. तो 'नाही' म्हणाला तर शपथ घेऊन मेलेल्या बापाला खोटं पाडल्याचं ओझं तो जन्मभर वागवील, आणि त्याच घरात, त्याच चुलीवर, आपण त्याला भाकरी वाढत राहू. हे सगळं तिला एका दमात दिसलं आणि कोणी अडवायच्या आत ती वकिलांपाशी जाऊन उभी राहिली.

"वकीलसाहेब, त्याले हे नका इचारू."

"अहो बाई, यावरच तर सगळा दावा उभा आहे!"

"म्हनूनच नका इचारू."

जज्जांनी मान वर केली. वयस्क, सावळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "काय म्हणतायत वादी?"

वकिलांनी नाइलाजानं सांगितलं. जज्ज तिच्याकडे वळले. "बाई, तुमचे वकील हा प्रश्न विचारणार नसतील तर तुमच्या दाव्यात काही राहत नाही. हे समजतं का तुम्हाला?"

"समजते साहेब."

"कोणी दबाव आणला? भावानं?"

"नाही साहेब. तो त माह्याशी बोलतच नाही."

मागे कोणीतरी हसलं. जज्ज हसले नाहीत. "मग कारण काय?"

शकुननं पदर सारखा केला. "बाबा गेले, साहेब. त्यायचं बोलनं खरं का खोटं, हे माह्या भावाले पिंजऱ्यात उभं करून ठरवा लागन, त मले ती झाडं नाही पायजेत."

जज्ज बराच वेळ काही लिहीत राहिले. मग म्हणाले, "निकाल चार वाजता."

चार वाजता त्यांनी तो इंग्रजीत वाचला. भावंडांना त्यातली फक्त आपापली नावं कळली. चंद्रभान वकिलांनी बाहेर येऊन सांगितलं, दावा फेटाळला. ओळ गोवर्धनची. मग जरा थांबून ते म्हणाले, "शेवटी साहेबांनी एक वाक्य घातलंय. वादीनं हक्क गमावला तो पुरावा नव्हता म्हणून नाही, पुरावा मागायचा नाही असं तिनं ठरवलं म्हणून. निकालात असलं कोणी लिहीत नाही, बाई."

शकुननं मान हलवली आणि ती मोटर अड्ड्याकडे चालू लागली.

गोवर्धन मागून येत होता. मोटर लागायची होती. ती दगडी बाकावर बसली. तो आधी दूर उभा राहिला, मग येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

"माहा वकील म्हने, ओळ गेली त इहीर गेली," तो म्हणाला. आज तो भिंतीकडे बघत नव्हता, पण तिच्याकडेही नाही. "म्हने, आज बहीन हाय, उद्या तिच्या सासरचे पुतने बार्शीटाकळीहून येतीन अन् इहिरीवर बसतीन. मले भेव वाटलं, बाई. मी सही करून बसलो. मंग परत कसा फिरू?"

"मले इचारलं असतं त मी सांगतलं असतं. त्या पुतन्यायनं मले पंधरा वर्षांत पान्याचा गिलास नाही इचारला."

"माहीत हाय." तो थांबला. "तुया वकिलानं इचारलं असतं त मी आज खरं बोलतो का खोटं, हे मलेच माहीत नोतं. कठड्याले धरून मी तेच पाहून राह्यलो होतो. तू उठली, अन्... मले उभ्या जागी गाडलं तू."

"गाडाले नव्हती उठली."

अड्ड्यावर कोणीतरी मोटरीच्या टपावर टोपल्या चढवत होतं. मग एकाएकी, कोणी विचारलेलं नसताना, गोवर्धन बोलू लागला.

"ओळ देल्ली त्याच्या आदल्या दिवशी बाबानं मले मोटंपाशी बोलावलं होतं. तुले हे ठाऊक नाही. मले म्हने, गोवर्धन, इहिरीची ओळ बाईले देऊन राह्यलो. उद्या तुयं लगन होईन, लेकरं होतीन, तवा तुले खटकन. आत्ताच सांग. मी म्हतलं, देऊन टाका. तवा मी बेफिकीर होतो, मले काय."

शकुननं त्याच्याकडे मान वळवली.

"मंग बाबा म्हने, मी तिले झाडं नाही देऊन राह्यलो. म्हने, आल्यापासून ते पोरगी रडली नाही, त्याचं मले लय भेव वाटते. घरात बसली त वाळून जाईन. झाडाच्या मागं लागली, त्यायच्या पान्यापायी सकाळी उठाले लागली, त जगन. म्हने, तुले म्हनून सांगतो, तिले नको सांगू."

मोटर येऊन लागली. माणसं चढू लागली. शकुनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. श्रावणापासून तिनं बाबांचं एकेक बोलणं मनात घोळवून घोळवून गुळगुळीत करून टाकलं होतं. जेवढं होतं तेवढंच, आता त्यात भर पडायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. माणूस गेलं की त्याचं बोलणं संपतं. आणि इथं, अमरावतीच्या मोटर अड्ड्यावर, दावा हरलेल्या दिवशी, बाबा तिच्याविषयी काहीतरी नवं बोलत होते. तिनं कधी न ऐकलेलं...

"ओळ तुयीच हाय," गोवर्धन म्हणत होता. "निकाल काईही असो. घरी गेल्यावर मी व्यापाऱ्याले सांगतो, चार लोकायसमोर सांगतो, बाबानं देल्ली अन् मी तिथं होतो."

"ते सांगशीन," ती म्हणाली. "अजून काय म्हनत होते?"

"अं?"

"बाबा. मोटंपाशी. अजून काय म्हने?"

मोटरवाल्यानं भोंगा वाजवला. "ओ मोर्शीवाले, चला, बसा! ह्याच्यानंतर सकाळशिवाय मोटर नाही!"

गोवर्धन उठू लागला. शकुननं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

"जाऊ दे तिले," ती म्हणाली. "तू सांग."