पांढऱ्या रेषेपर्यंतच्या चपला

"मॅडम, लवकर या! स्टेडियमला आग लावलीय. लावणाराही मी धरून ठेवलाय!"

मितेश पाटलाचा फोन आला तेव्हा सब-इन्स्पेक्टर रीमा शेलारच्या हातात सकाळचा चहा होता. तो तसाच राहिला. आरोपीसकट आयती मिळणारी फिर्याद तिला कधी पचत नसे.

राहनाळ गावात सगळ्यांनी शेतात गोदामं बांधली आणि भाडं खात बसले. केसरीनाथ पाटलांनी बांधलं फुटबॉलचं स्टेडियम, वर पगारी खेळाडूंची टीमही पाळली. हौसेला मोल नसतं म्हणतात ना? लाइटचं बिल मात्र दर महिन्याला येतं.

जळाली होती ती फ्लडलाइटची पॅनल रूम. आत डिझेलचा भपकारा होता आणि कुलूप शाबूत होतं. म्हणजे दार किल्लीनं उघडलेलं.

"किल्ल्या कुणाकडे?" रीमानं विचारलं.

"माझ्याकडे, बाबांकडे आणि या लडकूकडे," केसरीनाथांचा मुलगा मितेश म्हणाला. "पहाटे आलो तर पॅनल जळून गेलेलं, आणि हा पाइप घेऊन ग्राउंडवर पाणी मारतोय! पावलं धूत होता, दुसरं काय?"

"त्याचा राग कशावर?"

"चार महिने पगार नाही. खेळाडूंनाही नाही. तिकिटांतून काय निघतं हो? गोदामवाले ही जागा विकत घ्यायला दारात उभे आहेत, पण बाबा ऐकतील तर शपथ! नशीब, मागच्याच महिन्यात त्यांनी विमा वाढवून घेतला."

ग्राउंड सांभाळणारा लडकू स्टँडच्या पायरीवर बसला होता. साठीचा, कायम अनवाणी. त्याच्या पायात चप्पल गावानं कधी पाहिली नव्हती. आठ दिवसांवर पोरीची हळद. बाप लॉकअपमध्ये गेला तर सोयरीक टिकेल का, हे सांगायला ज्योतिषी नको.

"लडकूदादा, पाणी कशाला मारत होता?"

"गवत सुकलं व्हतं."

"कालच मॅचसाठी पाणी मारलंय. अजून चिखल आहे."

लडकू पायाचा चिखल खरवडत राहिला.

"आग कुणी लावली?"

"माजंच नाव लिवा. सुटलं."

रीमाला त्याचा राग आला.

ती पुन्हा पॅनल रूमकडे निघाली. "मॅडम, हिकडून चला, जवळ पडंल," इतका वेळ बाजूला उभे असलेले केसरीनाथ म्हणाले. रात्रभर झोप नसल्यासारखे त्यांचे डोळे लाल होते. मैदानाच्या पांढऱ्या रेषेपाशी चपला ठेवून ते पुढे झाले. मितेश बुटांनीच मागे आला.

लडकूच्या पाण्यानं मधली पावलं पुसली होती. कडेची राहिली होती. गेटकडून चपलांचे रात्रीचे, कडा वाळलेले ठसे रेषेपर्यंत आले होते. तिथे दोन्ही चपला नीट जोडीनं ठेवल्याची खूण होती. पुढे पॅनल रूमच्या दिशेनं अनवाणी पावलं गेली होती.

"शेठ, पूर्वी इथं काय होतं?"

"आमचं खळं. बापानं, आज्यानं हितंच भात झोडला."

रीमा थबकली. शहापूरकडच्या तिच्या आजीनं लहानपणी अशाच एका खळ्यावर तिला फटका दिला होता. तिनं सगळ्यांना स्टँडवर बोलावलं.

"आग लावायला आलेला माणूस रेषेवर चपला काढून ठेवतो. का? आवाज होऊ नये म्हणून? चिखलात कसला आवाज! खळ्यावर कुणी चप्पल घालत नाही. लक्ष्मी असते तिथं. कितीही वाईट काम करायचं असलं तरी पाय आपोआप थांबतात."

"पण लडकू तर अनवाणीच..." मितेश म्हणाला.

"म्हणूनच तो नाही. त्याची पावलं गेटपासूनच अनवाणी असती. तू आत्ता बुटांनी आलास. किल्ली असलेला तिसरा माणूस रेषेवर चपला ठेवून आला. माझ्यादेखत. शेठ, तुमच्या चपला अजून तिथंच आहेत."

मितेशचा चेहरा पांढरा पडला. "बाबा?"

केसरीनाथ खाली बसले.

"टीम मी बंद केली असती तर लीगकडं भरलेली अनामत बुडाली असती. टीमच्या पोरान्ला काय दिलं असतं मी? ग्राउंड विकू? आज्याचं खळं विकू? म्हटलं, आग लागली तर विमा मिळंल. सगळ्यांचं पगार भागतील. ह्या लडकूचंबी."

"आता विमा नाही मिळणार, शेठ. टीमही नाही राहणार."

"ठाव हाय."

"आणि लडकूदादानं पाणी मारलं, ते तुमची पावलं पुसायला. तुमच्या पोरानं त्याची कॉलर धरली, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"हितंच व्हतो," केसरीनाथ पुटपुटले. मग हात जोडून लडकूकडे वळले. "आरं, पोरीचं लगीन मोडलं असतं तुज्या! बोलला का न्हायस?"

लडकूनं पहिल्यांदा मान वर केली.

"तुमी बोलाल म्हनून थांबलो व्हतो, शेठ."